काचेतला बळी

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर गेल्या वैशाखात वास्तुशांत झाली. दाराला आंब्याचं तोरण, भिंतींना नवा रंग, आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात माशांची नवीकोरी टाकी. टाकी कुठल्या दिशेला ठेवायची हे कुणीतरी सांगितलं होतं आणि त्यात किती मासे असावेत हेही सांगितलं होतं: आठ सोनेरी आणि एक काळा. दोन फुटी टाकी, निळी खडी, प्लास्टिकची हिरवी झाडं, झाकण उघडून बुडबुडे सोडणारी खजिन्याची पेटी. दुपारी नळाचं पाणी भरलं, दुकानदाराने दिलेले निळे थेंब टाकले आणि संध्याकाळच्या जेवणावळीच्या आत नऊही मासे पाण्यात सोडले. आलेला प्रत्येक पाहुणा टाकीपुढे थांबत होता, डब्यातले चार दाणे टाकत होता आणि मासे वर झेपावले की खूश होत होता.

चौथ्या दिवशी पहिला मासा गेला. आठवड्याच्या शेवटी तीन उरले. घरातल्या आजी मला जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "घरावर काहीतरी येणार होतं. माशांनी आपल्या अंगावर घेतलं." त्यांच्या आवाजात सुटकेचा भाव होता. दुकानातून आणखी सहा मासे आले. तेही असेच गेले.

त्या घरातला नातू तेव्हा नुकताच चौथीत गेला होता. एका सकाळी तो माझ्या दाराशी आला आणि म्हणाला, "मावशी, तो काळा मासा सारखा वर येऊन पाणी पितोय. चल ना बघायला."

गेले. काळा मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी, फिल्टरचं पाणी जिथे पडतं तिथे तोंड लावून होता. मासे तसं पाणी पीत नाहीत. त्याचा जीव घुसमटत होता. कल्ले भराभर उघडत-मिटत होते. कल्ल्याच्या कडेची त्वचा विस्तवाने भाजल्यासारखी लाल झाली होती. पर अंगाला चिकटलेले. दुसरा एक मासा तळाशी खडीला अंग घासत होता. पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ. माझ्याकडे पाणी तपासायच्या बाटल्या आहेत, त्या मी वरून आणल्या. परीक्षानळीत टाकीतलं पाणी घेतलं आणि थेंब टाकले. पाण्यात अमोनिया नसेल तर नळी पिवळी राहते. पाच मिनिटांत ती गर्द हिरवी झाली. मुलगा नळीकडे बघत राहिला. "म्हणजे पाण्यात विष आहे?" त्याने विचारलं.

होय. आणि ते आपण घातलेलं आहे, न कळत का होईना. संकट वगैरे काही आलेलं नव्हतं, त्यामुळे ते अंगावर घेण्याचाही प्रश्न नव्हता. नऊ जीवांना आपण त्यांच्याच विष्ठेत कोंडलं होतं. हे असं उघड बोलणं कुणाला लागेल, पण मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे आणि आता माझ्याच्याने गप्प बसवत नाही. आपल्या गावोगावच्या दिवाणखान्यांत दर आठवड्याला हेच घडतं आणि दर वेळी त्याला एक सोयीचं नाव मिळतं.

हे नाव किती सोयीचं आहे ते बघा. मासा मेला तर आपली चूक नाही, उलट आपलं भलं झालं. मग शोध घ्यायचं कारणच उरत नाही. नवा मासा आणायचा, तो गेला की पुन्हा हात जोडायचे. ज्या महाराष्ट्रात गाडगेबाबा जत्रेजत्रेत फिरून बोकडाच्या बळीविरुद्ध घसा कोरडा पडेपर्यंत बोलले, त्या महाराष्ट्रातल्या शिकल्यासवरल्या घरांत संकट टाळायला आणलेला हा काचेतला बळी आहे. बोकडाच्या बळीत निदान रक्त दिसत होतं. इथे पाणी निवळशंख असतं, म्हणून आपल्याला काही दिसत नाही.

न दिसणारं काय घडतं ते एकदा नीट समजून घेतलं पाहिजे, कारण साऱ्या गोष्टीचं मूळ तिथे आहे. मासा श्वास घेतो तसा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच निघतो. नदीत, तळ्यात तो साठत नाही, कारण खडीवर, चिखलावर, पाणवनस्पतींच्या पानांवर सूक्ष्म जिवाणूंचा थर असतो. त्यातले काही अमोनिया खातात आणि त्याचं नायट्राइट करतात. दुसरे नायट्राइट खातात आणि त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच सौम्य असतं. ते वनस्पती शोषून घेतात किंवा थोडं पाणी बदललं की कमी होतं. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी हे जिवाणू १८९० च्या सुमाराला वेगळे करून दाखवले. म्हणजे ही माहिती काल-परवाची नाही.

नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. काच नवी, खडी धुतलेली, फिल्टरचा स्पंज कोरा, आणि नळाच्या पाण्यात तर जिवाणू मारण्यासाठीच क्लोरीन घातलेला. त्यांची वस्ती उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या दिवशी नऊ मासे सोडले की अमोनिया चढत जातो आणि कल्ले जळतात. त्यातून एखादा वाचलाच तर पुढे नायट्राइटची पाळी येते. नायट्राइट रक्तात शिरलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही आणि ते तपकिरी पडतं. पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा गुदमरून मरतो. बोअरच्या किंवा क्षारयुक्त पाण्यात धोका आणखी वाढतो. पाण्याचा सामू (पीएच) ७ वरून ८ वर गेला की अमोनियाच्या विषारी रूपाचा वाटा जवळजवळ दसपट होतो. शेजारच्यांची टाकी छान चालली आणि आमच्याच घरात का मरतात, या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा पत्रिकेत नसतं, पाण्याच्या सामूत असतं.

आपल्या बायकांना हे समजवायला मला कधीच अवघड गेलं नाही. दूध तापवलं, पातेल्यात ओतलं आणि लगेच चमचा घालून दही मागितलं तर मिळेल का? विरजण लावावं लागतं, रात्रभर हलवायचं नाही, थंडीत जास्त वेळ लागतो, आणि घरात विरजण नसलं तर शेजारणीकडून वाटीभर आणतो. टाकीचंही तेच आहे. माशांशिवाय पाणी भरा, फिल्टर रात्रंदिवस सुरू ठेवा, आणि जिवाणूंना खायला मिळावं म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका. ते कुजेल, अमोनिया होईल, त्यावर जिवाणू वाढतील. कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा ओला असतानाच आणून आपल्या फिल्टरमध्ये घाला. हेच विरजण. महिन्याचं काम पंधरवड्यावर येऊ शकतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवू लागले आणि नायट्रेट दिसू लागलं की पाणी तयार झालं म्हणायचं. मासे पाळणारे याला टँक सायकल करणं म्हणतात. मी विरजण लागलं असंच म्हणते.

आणि विरजण लागल्यावर ते मोडायचं नाही. इथे आपली स्वच्छतेची समजूत आड येते. ती समजूत मोठी गुणाची आहे, मी तिची टिंगल करणार नाही. पितळेची भांडी चिंचेने लख्ख करणाऱ्या घरात टाकीची शेवाळलेली काच बघवत नाही. म्हणून रविवारी मासे बादलीत काढायचे, टाकी बाथरूममध्ये न्यायची, खडी नळाखाली धुवायची, स्पंज साबणाने पिळायचा आणि नवं पाणी भरायचं. दर रविवारी आपण दह्याचं पातेलं असं घासून पुसतो आणि दर सोमवारी पुन्हा कोरं दूध घेऊन बसतो.

हे मी स्वतः केलं आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांसाठी मी टाकी लावली होती. ती वर्षभर छान चालली. दिवाळीच्या सुट्टीआधी तपासणी होती, म्हणून मी फिल्टर आणि खडी नळाच्या पाण्याखाली चकचकीत धुतली. सुट्टी संपवून परत आले तेव्हा एकही मासा जिवंत नव्हता. मुलांना मी सांगितलं की वीज गेली असेल. खरं कारण मला पुढे कित्येक वर्षांनी कळलं. तोपर्यंत ज्या मुलांना मी खोटं सांगितलं होतं ती मोठी होऊन गावोगाव पांगली होती. ते मासे माझ्या हातून मेले आणि त्या मुलांना मी निसर्गाबद्दल चुकीची गोष्ट शिकवली, या दोन्हींची टोचणी अजून आहे. हा लेख लिहिण्यामागे ती आहेच.

स्पंज धुवायचा तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकासा पिळायचा. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं, सगळं नाही. नवं पाणी क्लोरीन काढणारे थेंब टाकून किंवा दिवसभर उघड्या बादलीत ठेवून मगच घालायचं. तळातली घाण नळीने ओढून घ्यायची. काचेवरचं हिरवं शेवाळ माशांना अपाय करत नाही. समोरची काच पुसा, मागची राहू द्या. टाकीच्या कडेला मनीप्लांटची फांदी अडकवून मुळं पाण्यात सोडली तर ती नायट्रेट पिऊन फोफावते.

दुसरी आपली चांगली सवय माशांच्या मुळावर येते ती खाऊ घालण्याची. दारी आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही या संस्कारात आपण वाढलो. मासा काचेशी येऊन तोंड उघडतो आणि आपल्याला वाटतं तो मागतोय. तो मागतोच, पण निसर्गात त्याला असं समोर आयतं कधी मिळत नाही, त्यामुळे मिळेल ते खाऊन घ्यायचं एवढंच त्याचं शरीर जाणतं. दोन मिनिटांत संपेल इतकं, दिवसातून एकदा, फार तर दोनदा. नव्या माशांना पहिल्या दिवशी काहीच नाही. आठवड्यातून एक दिवस टाकीला उपास. घरात माशांचा डबा एकाच माणसाच्या हाती असावा. पाहुण्याला चहा द्या, डबा देऊ नका.

दुकानदारांना सरसकट बोल लावणं मला योग्य वाटत नाही. आपल्याकडच्या दुकानांत येणारे पुष्कळ मासे कोलकात्याच्या आसपासच्या तळ्यांतून आणि चेन्नईच्या कोळत्तूर भागातून येतात. प्रवासाआधी त्यांना उपाशी ठेवतात आणि प्राणवायू भरलेल्या पिशवीत बांधून पाठवतात. मग ठोक बाजार, मग किरकोळ दुकान. आठ-दहा दिवसांत चार पाणी बदललेला तो जीव आपल्या घरी येतो तेव्हाच अर्धमेला असतो. दुकानात माल पडून राहिला तर तोटा, म्हणून दुकानदार आजच न्या म्हणतो. पण आपण महिनाभराने येऊ असं सांगितलं तर तो काही मासे आपल्या गळ्यात बांधत नाही. गिऱ्हाईक घाई करतं म्हणून बाजार घाईचा झाला, हेही खरंच आहे. काही दुकानदार आता टाकी विकताना मासे द्यायला नकार देतात आणि आधी पाणी तपासून आणायला सांगतात. असा माणूस भेटला तर चार पैसे जास्त देऊन त्याच्याकडूनच घ्यावं.

ज्या माशांच्या अंगात सुईने रंग टोचलेला असतो ते मात्र कुणीच, कधीच विकत घेऊ नयेत. आपल्याच नद्यांतला काचेसारखा पारदर्शक चंदा मासा, त्याच्या पाठीवर निळ्या-गुलाबी रेघा ओढून विकतात. रंग काही महिन्यांत उतरतो. सुईने झालेली जखम आणि तिच्यातून शिरलेला रोग तेवढा राहतो. आपण घेणं थांबवलं की तो टोचणारही थांबेल. या पापाला दुसरा कुठलाही उपाय मला सुचत नाही.

वाडगा ही तशीच दुसरी गोष्ट. गोल काचेच्या वाडग्यात एक गोल्डफिश, टेबलावरची शोभा. गोल्डफिश बोटाएवढा विकत मिळतो म्हणून तो बोटाएवढाच राहतो असं आपण धरून चालतो. साधा गोल्डफिश तळ्यात फूटभर होतो. त्याचं आयुष्य महिन्यांत मोजायचं नसतं, वर्षांत मोजायचं असतं. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ पर्यंत, म्हणजे ४३ वर्षं जगला. वाडग्यात वाढ खुंटलेला मासा बघून लोक म्हणतात, भांड्याएवढाच वाढतो, बरं आहे. बरं काहीच नाही. आपल्याच घाणीत मुरलेल्या पाण्यात त्याचं शरीर खुंटलेलं असतं. एका गोल्डफिशला निदान सत्तर-ऐंशी लिटर पाणी लागतं. दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच टाकी काठोकाठ भरली तरी छप्पन लिटरच होतात. वास्तुशांतीच्या त्या नऊ माशांचा हिशेब आता आपला आपण करावा. लहान टाकीत मासे हवेच असतील तर गप्पी घ्यावेत, लहान टेट्रा घ्यावेत, तेही थोडे. फायटर मासा हवेतूनही श्वास घेऊ शकतो, म्हणून त्याला पेल्यात विकतात. भातखाचरातून आलेला मासा, त्याला काय लागतं, असं सांगतात. भातखाचर उथळ असतं, पण ते एकरभर पसरलेलं असतं.

आपल्याकडे मनूची आणि माशाची फार जुनी गोष्ट आहे. शतपथ ब्राह्मणातली. सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत एक इवलासा मासा आला आणि म्हणाला, मला सांभाळ, पुढे मी तुला तारीन. प्रलयाची गोष्ट म्हणून आपण ती सांगतो आणि पुढचा भाग घाईने उरकतो. मासा मनूला क्रमाने सांगतो: आधी मला घड्यात ठेव, घड्यात मावेनासा झालो की खड्डा खणून त्यात ठेव, तिथेही मावेनासा झालो की समुद्रात नेऊन सोड. मनूने तसंच केलं. मासा वाढला तसं त्याने पात्र बदललं. मासे पाळण्याचं सगळं शास्त्र मला या एवढ्याशा भागात दिसतं. तारणं पुढचं. आधी सांभाळणं आहे, आणि ते माशाच्या मापाने आहे, आपल्या टेबलाच्या मापाने नाही.

हे बोलले की कुणीतरी विचारतंच: तुम्ही बांगडा खाता ना? खाते. आमच्या घरी सुरमईची तुकडी आणि सोड्यांची आमटी चवीने होते. खाण्यासाठी मासे मारावेत की नाही हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे, त्यावर लोकांनी प्रामाणिकपणे वेगवेगळी मतं धरावीत. पण बांगड्याला आपण घरी आणून आता तू इथे राहा असं सांगत नाही. टाकीतल्या माशाला आपण तसा शब्द देतो. त्याचं पाणी, अन्न, उजेड, शेजारी, सगळं आपण ठरवतो. त्याला पळून जायला जागा नाही. ज्याचं सगळंच आपल्या हाती आलं त्याच्याशी आपण कसे वागतो, हा प्रश्न आहे. कायद्यानेही तो सोडलेला नाही. प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या अधिनियमात माणसाखेरीज कुठलाही सजीव म्हणजे प्राणी, अशीच व्याख्या आहे. मासा त्यात येतो. आणि माशाला दुखत नाही ही समजूत तर आता कुणी धरू नये. ब्रिटनमध्ये संशोधक लिन स्नेडन यांनी २००३ साली ट्राउट माशांच्या ओठांत आम्ल टोचून पाहिलं. मासे अंग डोलावू लागले, ओठ खडीवर घासू लागले, खाणं सोडून बसले. चौथीतल्या त्या मुलाला प्रयोग न करताच खडीवर अंग घासणारा मासा दिसला होता.

वीस रुपयांचा तर आहे, हे वाक्य मला सर्वांत जास्त टोचतं. जिवाची किंमत पावतीवर लिहिली की तेवढीच काळजी घ्यायची, असं आपण ठरवून टाकलं आहे. टाकीला चार हजार, खजिन्याच्या पेटीला तीनशे, आणि पाणी तपासायच्या बाटल्या महाग म्हणून नकोत. महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत गावकरी पिढ्यान्‌पिढ्या मासे धरत नाहीत. देवीचे मासे म्हणून मोठमोठे महसीर तिथे निर्धास्त फिरतात. तिथेही श्रद्धाच आहे. पण ती श्रद्धा माशाला जगवते. श्रद्धा ठेवायचीच असेल तर अशी ठेवावी.

टाकीचा कंटाळा आला की मासे नदीत, विहिरीत, तळ्यात सोडतात आणि त्याला पुण्य समजतात. हेही थांबलं पाहिजे. टाकीची काच चाटून साफ करतो म्हणून आणलेला सकर मासा हातभर होतो, मग तो कुणी धरणात सोडतं. त्याच्या अंगावर हाडासारखं कवच असतं, त्याला बाजारात भाव नाही, आणि जाळ्यात सापडला की जाळं फाटतं. उजनी धरणाच्या पाण्यावर पोट असलेल्या मच्छीमारांना विचारा, या पुण्याचा भुर्दंड कोण भरतं. भिंतीवरच्या हिवतापाच्या पाट्या वाचून गप्पी मासेही आपण हव्या त्या पाण्यात सोडत आलो. डासांसाठी ते बंद हौदात ठीक आहेत, ओढ्यात नव्हेत. मासे नको झाले तर दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

त्या मुलाकडे परत जाते. उरलेल्या दोन माशांसाठी आम्ही त्या दिवशी जे केलं ते कुणालाही करता येईल. खाणं बंद. क्लोरीन काढलेलं पाणी घालून अर्धं पाणी बदललं आणि पुढचे काही दिवस रोज पाव भाग बदलत राहिलो. हवेचा पंप जास्तीचा लावला. माझ्या टाकीतला अर्धा स्पंज कापून ओल्या पिशवीत घालून खाली नेला. काळा मासा त्या रात्री गेला. सोनेरी एक वाचला. तो आता माझ्याकडे मोठ्या टाकीत आहे, कारण त्या दोन फुटी टाकीत त्याला ठेवू नये हे त्या मुलानेच आईवडिलांना सांगितलं. मनूची गोष्ट त्याला मी सांगितली होती. पेटी काढावी हेही त्यानेच ठरवलं. तिच्यामागे खाणं अडकून कुजतं हे त्याने स्वतः पाहिलं होतं.

टाकी पुन्हा पहिल्यापासून लावायची ठरली, माशांशिवाय. रोज शाळेतून आला की तो चिमूटभर खाणं टाकायचा, रविवारी आम्ही दोन नळ्या तपासायचो आणि तो वहीत रंग लिहायचा. पहिल्या रविवारी अमोनियाची नळी हिरवी. दुसऱ्या रविवारी आणखी हिरवी, त्याला रडू आलं. तिसऱ्या रविवारी ती फिकी झाली आणि नायट्राइटची नळी आकाशी असायची ती जांभळी झाली. मी त्याला सांगितलं, एक थर बसला, दुसरा बसायचाय. मासे आणायचे तेव्हा कसे आणायचे तेही वहीत लिहून घेतलं आहे: आधी दोन आठवडे वेगळ्या टबात, एका छोट्या स्पंज फिल्टरसह. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मिठाच्या कणांसारखा दिसतो, आणि ठिपका अंगावर असेपर्यंत औषध त्याच्या आतल्या जंतूला शिवत नाही. तो गळून तळाशी पडतो, एकाचे शेकडो होतात, आणि ते पोहत नवा मासा शोधतात तेव्हाच त्यांना मारता येतं. म्हणून औषध ठिपके गेल्यावरही चालू ठेवायचं, आणि म्हणूनच नवा मासा थेट जुन्या माशांत सोडायचा नाही. पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, मग पिशवीत टाकीतलं वाटी-वाटी पाणी थोड्या थोड्या वेळाने घालत अर्धा-पाऊण तास जाऊ द्यायचा. शेवटी मासा जाळीने उचलून सोडायचा, पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. दिवा त्या दिवशी बंद. आणि एका वेळी तीन-चारच मासे, म्हणजे जिवाणूंनाही वाढायला वेळ मिळतो.

गेल्या रविवारी मी खाली गेले तेव्हा त्यांच्याकडे सांगलीहून पाहुणे आले होते. टाकीत दिवा, थोडी पाणवनस्पती, फिल्टरची बारीक धार, आणि आत कुणीच नाही. पाहुण्या बाई दोनदा टाकीभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "अहो, मासे कुठायत? रिकामी टाकी घरात बरी नव्हे."

आजी सोफ्यावर मटार सोलत होत्या. त्यांनी वर पाहिलंही नाही. "रिकामी नाही ती," त्या म्हणाल्या. "विरजण लागायचंय अजून."

मुलाने जांभळी नळी उजेडात धरली आणि वहीत पाचवी ओळ लिहिली.